ट्यूब काढायच्या आधी तिच्या अंगातला शर्ट बघा

मराठवाड्यातल्या सगळ्या मेडिकलवाल्या भावांनो, बहिणींनो,

नमस्कार. मी तुमच्यातलीच एक. बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावाला आमचं मेडिकल आहे, सासऱ्यांनी टाकलेलं, डी.फार्म माझं झालेलं असल्यामुळं १४ वर्षांपासून काउंटर मीच बघते. दोन उन्हाळे झाले हे पत्र डोक्यात घोळायलंय पण लिहायचं राहून जात होतं, आवंदा मार्चमध्येच ऊन मी म्हणायला लागलं आणि काउंटरवर तीच मागणी परत सुरू झाली, मग म्हटलं आता लिहूनच टाकते.

मागणी कुठली ते तुम्हाला माहितीच आहे. बाई येते, दस्तीनं तोंड पुसते, दुकानात कुणी गडीमाणूस नाही ना बघते आणि हळूच म्हणते, वैनी, उन्हानं तोंड लई काळं पडलंय, कायतरी लावायला द्या. नाहीतर कॉलेजची पोरगी येते, लग्न ठरलेलं असतं, मोबाईलवर ट्यूबचा फोटो आणलेला असतो, हीच द्या म्हणते, शेजारच्या काकूला फरक पडला. आणि खरं सांगा, आपला हात विचार करायच्या आधीच त्या गोरं करणाऱ्या ट्यूबच्या खणाकडं जातो का नाही? माझा जायचा. म्हणून आधी माझंच सांगते, मग तुम्हाला सांगायचा मला हक्क येईल.

आमच्या इथली एक मावशी, रोजानं जाणारी, खुरपणी, कापूस वेचणी, सोयाबीन काढणी, जे असेल ते. दुसऱ्या लेकरानंतर तिच्या गालावर आणि कपाळावर वांग आलं होतं. मी तिला एक ट्यूब दिली, चिठ्ठी नव्हती, मी मागितली पण नाही, तेव्हा मी नवीन होते आणि सगळेच देतात म्हणून मी पण दिली. तीन आठवड्यात तिचं तोंड उजळलं. ती इतकी खुश झाली की तिच्या गल्लीतल्या चार बाया तीच ट्यूब मागायला आल्या आणि मला पण बरं वाटलं, गिऱ्हाईक वाढलं. मग मावशी दर महिन्याला यायला लागली. वर्षभरानं आली तेव्हा गाल लालबुंद, कातडी इतकी पातळ की बारीक शिरा दिसायलेल्या, हनुवटीवर लव वाढलेली, फोड आलेले. म्हणाली, वैनी उन्हात गेलं की मिरची चोळल्यासारखं होतंय आणि ट्यूब बंद केली की आधीपेक्षा जास्त काळं होतंय, आता काय करू. मला काही बोलताच आलं नाही. तिला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात स्किनच्या ओपीडीला पाठवलं, पहिल्या वेळी मी स्वतः सोबत गेले. नीट व्हायला वर्षाच्या वर गेलं आणि वांग आजही पूर्ण गेलेलं नाही.

त्या ट्यूबमध्ये काय असतं ते आपल्याला पाठ आहे, मोमेटासोन नाहीतर बेटामेथासोन, काहीत क्लोबेटासोल, ही तिन्ही स्टेरॉइडं, सोबत रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. स्टेरॉइड कातडी पातळ करतं. ट्रेटिनॉइन कातडीला उन्हापुढं आणखी नाजूक करतं, ते रात्री लावायचं असतं आणि दिवसा ऊन टाळायचं असतं, हे आपण शिकलोय. आणि आपण ते कुणाला देतो, तर जिला दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उघड्या रानात वाकून काम करायचंय तिला! उन्हानं झालेल्या त्रासावर आपण अशी गोष्ट देतो की ऊन तिला दुप्पट लागावं. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घेतली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत, वर लाल पट्टी असते ती काय शोभेला नाही. नियम आपल्याला माहिती आहे. पण मी नियमाची भीती घालायला हे लिहीत नाहीये, नियम मोडून मी एका बाईचं तोंड बिघडवलं हे सांगायला लिहिते.

मग बाई आली तर तिला द्यायचं काय, हा खरा प्रश्न. तुम्ही म्हणाल सनस्क्रीन द्या. मी पण तेच करायला लागले होते, स्टेरॉइड बंद आणि सनस्क्रीन सुरू, वाटलं आता आपण चांगलं काम करायलोत. मग एकदा वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. तोंडाला आणि मानेला पुरेल इतकं सनस्क्रीन म्हणजे पहिलं बोट आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर बुडापासून टोकापर्यंत काढलेली रेघ, म्हणजे ग्रॅमच्या जरा वरच. एवढं लावलं तरच डब्यावर लिहिलेला एसपीएफ, म्हणजे ऊन किती अडवतं त्याचा आकडा, मिळतो, कारण लॅबमध्ये तपासताना कातडीच्या एक चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावूनच तपासतात. आपल्याकडं लोक हरभऱ्याएवढं घेतात आणि पूर्ण तोंडाला पसरवतात, त्यात ५० चा एसपीएफ नावालाच उरतो. बरं ते दर दोन तासाला परत लावायचं, घामानं तर आधीच जातं. दहा ते सहा काम म्हणजे दिवसाला चार वेळा. ५० ग्रॅमची ट्यूब दहा-बारा दिवसात संपली, आणि ते पण फक्त तोंड आणि मान, हात पाय तर धरलेच नाहीत. चारशे-पाचशेची ट्यूब महिन्याला अडीच-तीन लागल्या, आणि मावशीचा रोज अडीचशे-तीनशे. चार-पाच दिवसांची मजुरी तोंडाला लावायची का? ती लावणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. ती एक ट्यूब नेईल, चार महिने पुरवून वापरेल आणि लावलंय म्हणून बिनधास्त उन्हात उभी राहील. हे न लावण्यापेक्षा वाईट.

म्हणून मला सगळ्यांना हे सांगायचंय की रानात काम करणाऱ्या माणसाला उन्हापासून वाचवणारी वस्तू आपल्या दुकानात नाहीच, ती कापडाच्या दुकानात आहे आणि बऱ्याचदा तर तिच्या घरातच खुंटीला टांगलेली आहे.

तुम्ही बघितलंच असेल, आपल्याकडं बाया रानात जाताना साडीवरून नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात. शहरातून आलेल्या लोकांना ते विचित्र दिसतं. मला तर वाटतं आपल्या मराठवाड्यात कातडीसाठी एवढी हुशारीची दुसरी गोष्ट कुणी केली नसेल, कुणी शिकवलं नाही, कुठं जाहिरात नाही, बायांनी आपापलं शोधून काढलं. काटे, कपाशीच्या बोंडाची टोकं, तुरीची कुसळं, फवारलेलं औषध आणि ऊन, सगळ्याला तो एक शर्ट. त्याला दोन तासांनी परत लावायची गरज नाही, तो संपत नाही.

फक्त त्यात एक भानगड आहे आणि ती आपण सांगू शकतो. शर्ट जुना म्हणजे धुऊन धुऊन विरलेला असतो. उन्हाकडं धरा, आरपार उजेड दिसला तर ऊन पण आरपार जायलंय असं समजायचं. पातळ पांढरा सुती कपडा कोरडा असताना साधारण ५ ते ७ एसपीएफ इतकाच अडवतो आणि घामानं चिंब झाला की त्याहून कमी. तेच कापड घट्ट विणीचं असेल, जरा गडद रंगाचं असेल, तर कितीतरी जास्त अडवतं. म्हणून शर्ट विरलेला नको, घट्ट विणीचा पाहिजे, ढगळा पाहिजे म्हणजे आत हवा खेळते, मधला रंग बघा, एकदम काळा घेतला तर ऊन अडेल पण माणूस उकडून निघेल. कॉलर उभी करायची, मानेला रुमाल. हे सांगायला मला दोन मिनिटं लागतात, त्यात मला एक रुपया मिळत नाही. तरी मी सांगते आणि तुम्ही पण सांगावं असं वाटतं.

डोक्याचं बोलायचं तर आपल्या म्हाताऱ्यांना सगळं माहिती होतं. पटक्याचा सोगा मानेवर सोडायचे, मान आणि कान झाकले जायचे. गांधी टोपी छान दिसते पण तिला कड नाही, तोंडावर सावली पडत नाही, कान उघडे. पोरांची क्रिकेटची टोपी नाकापुरती, कान आणि मान तशीच. तोंड, कान, मान सगळं सावलीत यायला टोपीची कड चारी बाजूंनी तीन इंच तरी पाहिजे. बायांचं म्हणाल तर पदर डोक्यावर असतो पण वाकून काम करताना मान उघडी पडते, म्हणून पदराखाली मोठा सुती रुमाल बांधायचा. स्कूटीवाल्या पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात ते चांगलंच आहे, पण झिरझिरीत शिफॉनचा घेतात, त्यातून सगळं आरपार, आणि हाताचे पंजे तर कायम उघडे, हँडलवर थेट उन्हात. हातमोजे घाला म्हणून सांगा त्यांना.

आता ऊन म्हणजे नेमकं काय ते पण आपणच नीट सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडं सगळे गरमीला ऊन समजतात. कातडी भाजणारे किरण आणि अंगाला लागणारी गरमी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अल्ट्राव्हायोलेट दिसत नाही आणि अंगाला कळत पण नाही. त्यात यूव्हीबी भाजतं, लाल करतं. यूव्हीए खोल जातं, डाग आणि सुरकुत्या त्याच्यानं, आणि ते काचेतून पण येतं, जीपवाल्यांचा नाहीतर ट्रकवाल्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा रापलेला असतो तो खिडकीमुळंच. एप्रिल-मे मध्ये परभणीला पारा ४२-४३ ला गेला की सगळे सावध होतात. पण डिसेंबरात कापूस वेचायला बाया कोवळं ऊन म्हणून उघड्या डोक्यानं जातात, थंडीत ऊन बरं वाटतं, दिवसभर पाठ उन्हाकडं करून बसतात. त्या दिवसात सुद्धा आपल्या भागात भर दुपारी यूव्ही इंडेक्स, म्हणजे हे किरण किती कडक आहेत त्याचा आकडा, ३ च्या वरच असतो आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ३ पासून पुढं काळजी घ्यायची. मे महिन्यात तर तो ११ च्या पुढं जातो, म्हणजे पट्टीवरचा सगळ्यात वरचा टप्पा. हा आकडा मोबाईलच्या हवामानात दिसतो, तापमानाच्या खाली कुठंतरी असतो, आपण बघत नाही. श्रावणात आभाळ आलं म्हणजे ऊन नाही असं पण नाही, पातळ ढगातून बरंच यूव्ही खाली येतं.

आणि ज्याच्याकडं असा मोबाईल नाही त्याला सावली आहे की. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडायला लागली की झाडाखाली जायची वेळ झाली. मे च्या मध्यात तर आपल्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखालीच जाते, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, लातूरकडं आधी येतो आणि छत्रपती संभाजीनगरकडं पाच-सहा दिवसांनी. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, आपल्याकडं सूर्य बाराला डोक्यावर नसतो, घड्याळ आपल्या पूर्वेकडच्या रेषेवर लावलेलं असल्यामुळं उन्हाळ्यात तो सव्वाबारा ते साडेबाराच्या मध्ये येतो. म्हणजे कडक ऊन साडेदहा ते अडीच धरायचं, दिवसभरातल्या यूव्हीचा अर्ध्याहून जास्त भाग ह्याच चार तासात पडतो.

इथं मला जरा अवघड बोलायचंय. आपल्यातल्या निम्म्या लोकांची शेती आहे. आपण पण मजूर लावतो. काउंटरवर बसून बाईला सांगायचं दुपारी उन्हात जाऊ नका आणि आपल्याच वावरात तिला बारा वाजता उभं करायचं, हे कसं काय? आमच्या घरी ह्यावरून वाद झाला. मी म्हटलं सहाला बोलवू, साडेदहाला सोडू. बायांनीच नाही म्हटलं. सकाळी पाण्याच्या टँकरची वाट बघायची, भाकरी थापायच्या, लेकरांना शाळेत घालायचं, सहाला कशा येणार, दहाच्या आधी जमतच नाही. मला तेव्हा कळलं की दहाची वेळ मालकानं ठरवलेली नाही, घरातल्या कामानं ठरवलीय, आणि त्यात बाईचा दोष धरता येत नाही. मग मधला मार्ग काढला. दुपारची भाकर दीडला व्हायची ती बाराला आणली आणि सुट्टी अर्ध्या तासाची दोन तासांची केली, बांधावरच्या कडुलिंबाखाली, पाण्याचा माठ तिथंच. संध्याकाळी तासभर पुढं चालतं काम. रोज कमी केला नाही. पहिल्या वर्षी सासरे नाराज होते, आता काही म्हणत नाहीत, काम तेवढंच होतं. ज्यांच्या बांधावर झाड राहिलेलं नाही त्यांनी चार बांबू आणि हिरवी नेट तरी बांधावी, तीन-चार वर्षं टिकते. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात सुद्धा कामाच्या जागेवर प्यायचं पाणी, लेकरांसाठी सावली आणि विश्रांतीची वेळ द्या असं लिहिलेलं होतं, म्हणजे ही काय मी नवीन मागणी करत नाहीये.

आता आपलं खास काम, जे कापडवाला करू शकत नाही. आपण अशा गोळ्या रोज देतो ज्यांनी माणसाला ऊन जास्त लागतं, आणि सांगत नाही. डॉक्सीसायक्लिन घ्या, तापाला, पिंपल्सला, कशालाही लिहून येतं, आणि ते चालू असताना अर्ध्या तासाच्या उन्हानं सुद्धा नाक, कान, हात भाजल्यासारखे होतात. गजकर्णावरचं ग्रिसिओफल्विन तसंच. सिप्रोफ्लॉक्सासिन आहे. सांधेदुखीचं केटोप्रोफेनचं जेल लावून तो गुडघा नाहीतर खांदा उन्हात नेला की चट्टे येतात. आणि सगळ्यात जास्त खपणारं म्हणजे बीपीची गोळी, नावापुढं एच असतं ना, त्या एच मधलं हायड्रोक्लोरोथायझाइड. आपल्याकडं किती शेतकरी ती गोळी घेऊन रानात जातात, मोजता येणार नाहीत. त्यांना गोळी बंद करा असं अजिबात सांगायचं नाही, बीपीची गोळी मनानं बंद करणं उन्हापेक्षा धोक्याचं आहे, फक्त एवढं सांगायचं की मामा, ह्या गोळीनं ऊन जरा जास्त लागतं, फुल बाह्या घाला, कानावर रुमाल घ्या, चट्टे आले तर डॉक्टरला दाखवा. मी आता पाकिटावर पेनानं छोटा सूर्य काढून देते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पण कळतं.

एक प्रकार आपल्याकडं उन्हाच्या नावावर खपतो आणि तो ऊन नसतो. गाजरगवत. काँग्रेस गवत म्हणा, १९५५ च्या सुमाराला पुण्यात पहिल्यांदा दिसलं म्हणतात, आता एक बांध त्याच्याशिवाय नाही. खुरपणाऱ्या माणसाच्या पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या आत खाज, जाड काळी कातडी, आणि ऊन लागलं की जास्त. तो म्हणतो ऊन लागलंय, आपण कॅलामाइन देतो, तो परत त्याच गवतात जातो. पापण्या, कानामागं, मानेच्या घडीत खाज असेल तर एकदा विचारा, गाजरगवत उपटायला जाता का? जात असेल तर फुलावर यायच्या आधी उपटा, हातमोजे, तोंडाला रुमाल, घरी आल्या आल्या अंघोळ, कपडे वेगळे धुवा, आणि खाज जात नसेल तर स्किनच्या डॉक्टरकडं. आणि ते लिंबू! काळपटपणा जावा म्हणून पोरी तोंडाला लिंबू चोळतात आणि तशाच उन्हात जातात. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं की फोड येतात आणि मग महिनोन् महिने काळे डाग राहतात. हे मी प्रत्येक पोरीला सांगते आणि प्रत्येक पोरीला ते नवीन असतं.

सनस्क्रीन विकूच नका असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. वांग असलेल्या बाईला ते लागतंच, चूल सोडून बाहेर पडायच्या १५-२० मिनिटं आधी. कोड असलेल्याला लागतं, त्या पांढऱ्या कातडीत रंगच नसतो, ती लगेच भाजते. जन्मापासून अंगभर गोरं, केस पांढरे, डोळे उजेडात मिटणारं लेकरू असतं ना कुणाच्या घरी, त्याला तर कपडे, टोपी, गॉगल, सनस्क्रीन सगळं लागतं, त्याच्या बाबतीत कातडीच्या कॅन्सरची भीती खरी आहे आणि त्याच्या आईला हे कुणी सांगितलेलंच नसतं. सहा महिन्याच्या आतल्या बाळाला मात्र काही लावायचं नाही, सावली आणि कापड. देताना एसपीएफ ३० नाहीतर त्याच्या वरचं द्या, ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेलं बघा, पीए पुढं तीन-चार प्लस असतील असं, कारण एसपीएफ फक्त यूव्हीबीचा असतो, यूव्हीएचं ह्या दोन्हीवरून कळतं. ३० चं साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० चं ९८, म्हणजे महागडं ५० घेऊन थोडं थोडं लावण्यापेक्षा स्वस्त ३० घेऊन भरपूर लावलेलं बरं. गोरं करणारं म्हणून लिहिलेलं असेल तर ते खाली ठेवा. आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका म्हणून सांगा, उन्हात तापून औषध खराब होतं.

काहीजण म्हणतील, आपली कातडी सावळी, उन्हाची सवय असलेली, आपल्याला काय होतंय. अर्धं खरं आहे. सावळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीचा रंग, जास्त, म्हणून गोऱ्या देशांसारखा कातडीचा कॅन्सर आपल्याकडं नाही, उगाच त्याची भीती घालून ट्यूब विकू नका. पण वांग, डाग, खाज, भाजणं, ओठ फाटणं, डोळ्यात मांस वाढणं, मोतीबिंदू, ह्यातलं आपल्याला काय चुकलंय? आणि काळं पडणं हा रोग नाही, हे पण बोलायला पाहिजे मोठ्यानं. उन्हात कष्ट करून रापलेल्या चेहऱ्याची लाज वाटावी असं त्या बायांच्या डोक्यात भरवलं गेलंय, लग्नाच्या बाजारानं भरवलंय, आणि आपला तो खण त्यावरच चालतो. मी त्यांना आता सांगते, मावशी रंग तुमचा तुमच्याजवळच राहू द्या, आपल्याला फक्त कातडी जळू द्यायची नाही.

ज्याला भाजलंच आहे त्याला गार पाणी, ओला कपडा, भरपूर पाणी पाजणं, दुखत असेल तर पॅरासिटामॉल, फोड फोडायचे नाहीत, बर्फ नको, टूथपेस्ट नको. अंगभर फोड, ताप, उलटी, भ्रम असेल तर आपल्या काउंटरवर थांबवायचंच नाही, सरळ दवाखाना.

धंद्याचं पण बोलते, कारण तुम्ही ते मनात आणणारच. तो खण बंद केल्यावर माझं महिन्याचं दोन-अडीच हजाराचं नुकसान झालं, पहिले सहा महिने झालं, गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात गेलं, तिथं मिळत होतं ना. हेच तर दुखणं आहे. मी एकटीनं बंद करून काही होत नाही, बाई दहा पावलं चालते आणि तीच ट्यूब घेते. म्हणून हे पत्र सगळ्यांना. एका गावातल्या सगळ्या दुकानांनी एकाच दिवशी ठरवलं तर कुणाचंच गिऱ्हाईक जाणार नाही. तालुक्याच्या मीटिंगमध्ये आपण मार्जिन आणि ऑनलाइनवर दोन-दोन तास बोलतो, ह्याच्यावर दहा मिनिटं बोलू या का? चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचं मलम तोंडाला द्यायचं नाही, एवढं एकच ठरवायचंय. ज्यांच्या तोंडाची आधीच वाट लागलीय त्यांना अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगरचा घाटी दवाखाना, जे जवळ पडेल तिथल्या स्किन ओपीडीला पाठवायचं, आणि ट्यूब एकदम बंद केल्यावर काही दिवस जास्त त्रास होतो हे आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर ती घाबरून परत तीच ट्यूब शोधते.

मी काउंटरशेजारी एक खिळा ठोकलाय आणि त्याला एक फुल बाह्यांचा शर्ट टांगलाय, निळा, घट्ट विणीचा, बाजारातून दीडशेला आणलेला, शेजारी विरलेला एक जुना. कुणी आलं की दोन्ही उजेडाकडं धरायला देते. बाया हसतात, मग बघतात, मग म्हणतात, अगं बाई, ह्यातून तर सगळंच दिसायलंय. ती मावशी पण येते अजून, आता ट्यूब मागत नाही, सुनेला घेऊन येते आणि तिला स्वतःच दोन्ही शर्ट दाखवते.

पाकिटावरच्या सूर्याचा शिक्का बनवून घ्यायचा विचार आहे, सोबत ज्या औषधांनी ऊन जास्त लागतं त्यांची मराठीतली यादी, काउंटरच्या काचेखाली ठेवता येईल अशी. ज्यांना पाहिजे त्यांनी सांगा, झेरॉक्स काढून पाठवते. एप्रिल संपायच्या आत.

तुमचीच,
काउंटरमागची एक बहीण